रूढ उपचार आणि पुराव्याची कसोटी



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो थोडा अवघड आहे. वैद्याला देवाच्या ठिकाणी मानणारा आपला समाज आहे आणि आजारपणात मनुष्य अगतिक असतो. अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेल्या उपचाराविषयी प्रश्न विचारणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. परंतु वैद्यकशास्त्राची आजवरची प्रगती पाहिली, तर ती प्रचलित उपचारांविषयी कोणी तरी प्रश्न विचारल्यामुळेच झाली आहे, असे दिसून येते. एखादा उपचार पुष्कळ वर्षे चालत आला आहे, तो मोठ्या रुग्णालयात केला जातो किंवा तो महाग आहे, यांपैकी कोणतीही गोष्ट तो उपयुक्त असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. त्या उपचाराने किती रुग्ण बरे झाले, किती दगावले आणि तो केला नसता तर काय झाले असते, याची प्रामाणिक मोजदाद हाच खरा पुरावा होय. अशी मोजदाद करण्यात आणि ती मागण्यात तुम्हा-आम्हा सामान्य माणसांचा वाटा किती मोठा आहे, हे मला आज सांगावयाचे आहे.

व्हिएन्नातील धडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत. दुसऱ्यात सुइणींना शिक्षण दिले जाई. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांपैकी अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्या विभागात हे प्रमाण तीनाच्याही खाली होते. शहरातील गरीब स्त्रियांना हा फरक ठाऊक होता आणि आपल्याला दुसऱ्याच विभागात घ्यावे म्हणून त्या विनवण्या करीत.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने या आकड्यांचा पाठपुरावा केला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिविभागात येतात आणि त्यांच्या हातांवाटे काही तरी घातक द्रव्य बाळंतिणींच्या शरीरात जाते, अशा निष्कर्षाप्रत ते आले. १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम लागू केला. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सव्वापर्यंत खाली आले.

एवढा उघड पुरावा असूनही त्या काळच्या अनेक नामवंत डॉक्टरांनी तो स्वीकारला नाही. आपलेच हात रोग्याच्या मृत्यूला कारण होतात, ही गोष्ट त्यांना मानवली नाही. सेमेलवाइस १८६५ साली एका मनोरुग्णालयात उपेक्षित अवस्थेत मरण पावले. पुढे जंतुशास्त्राचा उदय झाला तेव्हा त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले; पण मधल्या काळात किती माता प्राणास मुकल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. रूढ पद्धतीला प्रश्न न विचारण्याची किंमत प्रश्न न विचारणाऱ्यांना द्यावी लागत नाही. ती रुग्णाला द्यावी लागते.

बनगावचे पाणी

दूर देशातील आणि दूरच्या काळातील हे उदाहरण झाले. आता आपल्याच देशातील एक उदाहरण पाहू. १९७१ साली बांगला देशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि त्यांच्या छावण्यांतून कॉलरा पसरला. जुलाब-वांत्यांनी शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाले म्हणजे शिरेवाटे सलाईन द्यावयाचे, हा त्या काळचा मान्य उपचार. बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर रुग्णांची रीघ लागली होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. सुई टोचण्यास शिकलेले हातही पुरेसे नव्हते.

साखर आणि मीठ यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण तोंडाने दिल्यास आतडी ते शोषून घेतात, हे ढाका आणि कलकत्ता येथील संशोधनातून त्यापूर्वीच दिसून आले होते. परंतु तो उपचार प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच करावा, असा समज होता. डॉ. महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या तयार करविल्या, पिंपांत द्रावण केले आणि ते रुग्णांच्या आप्तांच्या हाती सोपविले. आई मुलाला पाजू लागली आणि भाऊ भावाला. त्या छावणीत पूर्वी शंभरांपैकी सुमारे तीस रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारांच्या खाली आले.

तरीही हे साधे पाणी म्हणजे खरा उपचार होय, हे जगाच्या गळी उतरावयास काही वर्षे लागली. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातील संभाव्य सर्वश्रेष्ठ वैद्यकीय शोधांत केली. मराठीत आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. डॉ. महालनबीस यांचे २०२२ साली निधन झाले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन देशाने गौरविले.

आता आपल्या गावाकडे वळू. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील दर दहा मुलांपैकी सुमारे सहांनाच जलसंजीवनी मिळाली. म्हणजे पन्नास वर्षे उलटूनही चार मुले तिच्याविना राहिली. त्याच वेळी अंगात कणकण आली की सुई आणि थकवा आला की सलाईन, ही रीत खेडोपाडी रुजली आहे. सलाईन लावल्याविना उपचार झाल्यासारखे वाटत नाही, असे रुग्ण म्हणतात. रुग्णालाच ते हवे असते, असे डॉक्टर म्हणतात. या दोघांच्या मध्ये शास्त्र मात्र बाजूला पडते. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला सलाईनच्या बाटलीतून जे मिळते ते बहुतांशी मीठ, साखर आणि पाणीच असते, ही गोष्ट प्रत्येक शाळेत शिकविली गेली पाहिजे.

गडचिरोलीचा प्रयोग

रूढ पद्धतीची परीक्षा केवळ मोठ्या संस्थांतच होते असे नाही. आपल्या राज्यातील गडचिरोली या आदिवासीबहुल जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्या भागात नवजात बालके मोठ्या संख्येने दगावत होती. आजारी नवजात बालकाला रुग्णालयात दाखल केलेच पाहिजे, असा वैद्यकशास्त्राचा त्या वेळचा दंडक होता. तो दंडक चुकीचा होता असे म्हणता येणार नाही; पण जेथे रस्ता नाही, वाहन नाही, पदरी पैसा नाही आणि बाळंतिणीने घराबाहेर पडू नये अशी चालरीत आहे, तेथे त्या दंडकाचा अर्थ ‘बाळावर उपचार नाही’ एवढाच उरत होता.

यास्तव गावातील थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाची सुई देणे, या सर्व गोष्टी त्यांना शिकविण्यात आल्या. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असे साधन वापरण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. ठरावीक मण्यांच्या पुढे गेले की बाळ आजारी. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बालकाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक असेल तर तो जलद समजावा, हे त्यामागील शास्त्र होय.

खेड्यातील स्त्रीच्या हाती सुई देणे अनेकांना धोक्याचे वाटले, आणि ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर वादविवादाने देण्यात आले नाही. ३९ गावांत ही सेवा सुरू झाली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली आणि प्रत्येक जन्माची व प्रत्येक मृत्यूची नोंद झाली. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी सेवा मिळालेल्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ साली भारत सरकारने गृहाधारित नवजात बालक सेवा देशभर लागू केली. आज आशा स्वयंसेविका जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाला पाहते, वजन करते आणि आईला समजावून सांगते. त्या भेटींचे मूळ गडचिरोलीतील या प्रयोगात आहे.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या सुधारणेला मोठी यंत्रसामग्री लागली नाही. एक प्रश्न, एक नोंदवही आणि नोंदीशी इमान राखणारी माणसे एवढेच तिला पुरले.

बीडची वेदना

मोजदाद न झाल्यास काय होते, याचे उदाहरणही आपल्याच राज्यात घडले आहे आणि ते सांगताना मन विषण्ण होते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो. फडावर शौचालय नाही, न्हाणी नाही, पुरेसे पाणी नाही. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीच्या वेळी अतिस्राव होणे, या तक्रारी वाढल्यास नवल नाही.

२०१९ साली या स्त्रियांमध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात झाल्याचे उघडकीस आले. राज्य शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. हे प्रमाण शेकडा सतराच्या आसपास येते. देशात १५ ते ४९ या वयोगटात ते सुमारे तीन टक्के आहे. यांतील बहुतेक शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या आणि चाळिशी न गाठलेल्या स्त्रियाही त्यांत पुष्कळ होत्या.

‘पिशवी काढून टाका, पुढे कर्करोग होईल’ असे सांगितले गेले की घाबरलेली बाई कर्ज काढून शस्त्रक्रिया करवून घेते. तिला कोणी तपासले, कोणती औषधे आधी देऊन पाहिली, याची विचारणा होत नाही. अकाली गर्भपिशवी काढल्याने, आणि तिच्याबरोबर बीजाशयेही काढली तर विशेषच, पाळी जाण्याच्या वेळचे त्रास लवकर सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. मग पुन्हा कंबरदुखी, पुन्हा दवाखाना आणि पुन्हा कर्ज.

या स्त्रियांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, हे विसरता कामा नये. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी विकार आढळला होता. आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. एका बाजूला कोणतीच तपासणी नाही आणि दुसऱ्या बाजूला एकदम शस्त्रक्रिया, अशा दोन टोकांमध्ये ग्रामीण स्त्री सापडली आहे. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे वेळेवर तपासणी, साधी औषधे, स्वच्छ पाणी आणि विश्रांती, हाच आरोग्यव्यवस्थेचा गाभा असावयास हवा होता.

या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम करण्यात आला. २०२२ साली केंद्र शासनाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला. नियम झाले ही समाधानाची गोष्ट आहे. पण कागदावरचा नियम फडापर्यंत पोचविणे हे काम उरतेच.

कसोटी सर्वांना सारखी

कोणी म्हणेल की, अशाने लोकांचा डॉक्टरांवरील विश्वास उडेल आणि ते भगत-मांत्रिकांकडे वळतील. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. पुराव्याची कसोटी ही सर्वांसाठी सारखी आहे. आजारी बालकाच्या पोटावर डागण्या देण्याची रूढी आजही काही भागांत आढळते. ती याच कसोटीवर पूर्णपणे नापास ठरते. उलट लसीकरण या कसोटीला पुरेपूर उतरले आहे. देवीचा रोग १९७५ नंतर भारतात राहिला नाही आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला. जी कसोटी अनावश्यक शस्त्रक्रिया नाकारते, तीच लस टोचून घ्या असे बजावते. तेव्हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे समजू नये. ज्या डॉक्टरांचा उपचार पुराव्यावर उभा आहे, त्यांना प्रश्नाची भीती वाटण्याचे कारण नाही. आपल्या राज्यात असे असंख्य डॉक्टर आहेत आणि त्यांचे हात बळकट करणे हाच सुधारणेचा हेतू आहे.

शिवाय दोष व्यक्तींपेक्षा व्यवस्थेत अधिक आहे. २०१९ ते २०२१ च्या पाहणीनुसार देशातील सरकारी रुग्णालयांत शंभरांपैकी सुमारे चौदा प्रसूती पोट फाडून झाल्या, तर खाजगी रुग्णालयांत सत्तेचाळीस. दोन्हीकडील रुग्ण काही अंशी निराळे असतात हे मान्य केले, तरी एवढ्या तफावतीचे कारण केवळ स्त्रियांच्या शरीरात शोधता येणार नाही. शस्त्रक्रियेवर उत्पन्न अवलंबून असेल आणि तिची तपासणी कोणीच करणार नसेल, तर चांगल्या माणसाचाही तोल ढळू शकतो.

आपण काय करावे

आरोग्यसेवा लोकांच्या दाराशी असावी, ही शिफारस भोर समितीने १९४६ सालीच केली होती. औषधे मूळ नावाने लिहावीत आणि आवश्यक औषधांची यादी असावी, असे हाथी समितीने १९७५ साली सुचविले होते. तेव्हा सुधारणेच्या कल्पना नव्याने शोधावयाच्या नाहीत. त्या अमलात आणण्यासाठी आपण प्रत्येकाने आपापल्या जागी काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठका नियमित घ्याव्यात. गावात वर्षभरात किती जन्म झाले, किती बालके दगावली, किती शस्त्रक्रिया झाल्या, उपकेंद्रात कोणती औषधे किती दिवस नव्हती, याची एक साधी वही ठेवावी आणि ग्रामसभेत तिचे आकडे वाचावेत. रुग्णांची नावे मात्र वाचू नयेत. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांनी स्त्रियांची तपासणी स्थलांतरापूर्वी आणि परतल्यावर करवून घ्यावी. राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम झाला आणि जनसुनवाईत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांपुढे आपले अनुभव मांडले. तो अनुभव आपल्यापाशी आहे.

शिक्षकांनी मुलांना जलसंजीवनी करावयास शिकवावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक मुलाच्या तोंडी असावे. पाकीट मिळाले तर तेच वापरावे आणि पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, हेही मुलांनी घरी जाऊन सांगावे.

अधिकाऱ्यांकडे अधिकार आहेत, म्हणून त्यांची जबाबदारी अधिक. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक रुग्णालयात लावणे आवश्यक आहे. ते लागले आहे काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. गर्भपिशवीच्या आणि पोट फाडून केलेल्या प्रसूतींच्या संख्येची रुग्णालयवार छाननी करावी. आशा आणि परिचारिका यांचे अहवाल केवळ वर पाठविण्यासाठी नसतात. त्यांतील आकडे गावाला परत सांगावेत.

आणि रुग्ण म्हणून किंवा रुग्णाचे आप्त म्हणून आपण सर्वांनी चार प्रश्न नम्रपणे पण निश्चयाने विचारावेत. मला नेमके काय झाले आहे? हा उपचार केला नाही तर काय होईल? याहून साधा उपाय आहे काय? खर्च किती येईल? मोठी शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि सर्व कागदपत्रांची प्रत मागावी. तो आपला हक्क आहे.

व्हिएन्नातील गरीब स्त्रियांना कोणत्या विभागात मृत्यू अधिक होतात हे ठाऊक होते, पण त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. आपल्या राज्यात ग्रामसभा आहे, आरोग्य समिती आहे, आशा स्वयंसेविका आहे आणि शाळाही आहे. येत्या हंगामात बीडच्या, जालन्याच्या किंवा परभणीच्या एखाद्या ऊसतोड स्त्रीला ‘पिशवी काढा’ असे सांगितले जाईल, तेव्हा ‘आधी तपासणी झाली काय?’ असे विचारणारा एक तरी माणूस तिच्याबरोबर असावा. तो माणूस आपल्यापैकीच कोणी तरी असावयास हवा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.